युनियनकडे सव्वासात लाख आहेत. दिवाळीला वाटावेत की ठेवावेत?

सातपूरचा खजिनदार | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत सीएनसीवर आहे. कायम कामगार १३८, सगळे एकाच अंतर्गत युनियनचे सभासद. जूनमध्ये निवडणूक झाली आणि मला खजिनदार केलं. पात्रता एवढीच की माझं अक्षर बरं आहे.

आधीच्या खजिनदारांनी चार्ज देताना किर्द, पावती पुस्तकं, पासबुक आणि एफडीची पावती हातात ठेवली. हिशेब पै-पैचा जुळला, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. शिल्लक अशी आहे: एका सहकारी बँकेत ६,४०,००० ची एफडी, पाच वर्षांची, एकच पावती. त्याच बँकेत बचत खात्यात ८५,०००. हातात दोन-अडीच हजार.

वर्गणी महिना १०० रुपये. कंपनी पगारातून कापून चेक देते, वर्षाचे १,६५,६०० होतात. मागच्या करारात एरिअर्समधून प्रत्येकी २,००० घेतले होते, एफडीत त्यांचा मोठा वाटा आहे. खर्चात वकील आणि केसेस ४५,०००, महासंघाची संलग्नता व अधिवेशन २२,०००, निवृत्त होणाऱ्यांचा निरोप समारंभ १८,०००, झेरॉक्स-छपाई-प्रवास १५,०००, ऑडिट ६,०००, वर किरकोळ. म्हणजे वर्षाला लाख-सव्वा लाखाच्या मधे कुठेतरी.

आता मुद्दा. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. कँटीनमध्ये एकच विषय चालू आहे: "पैसे आपलेच आहेत, बँकेत कुजवून काय करायचे?" डोक्यामागे ३,००० द्या अशी मागणी आहे. म्हणजे ४,१४,०००. ५ ऑक्टोबरला जनरल बॉडी आहे आणि तिथे हा ठराव येणार हे नक्की.

दुसरीकडे करार ३१ मार्च २०२६ ला संपतोय. नवे एचआर मॅनेजर आलेत, आल्या आल्या आमच्या कमिटीतल्या दोघांना किरकोळ कारणावरून चार्जशीट दिली. मशिनिंगची एक लाइन दुसऱ्या प्लांटला हलवणार अशीही कुजबुज आहे.

एवढ्याशा युनियनकडे गंगाजळी किती असावी, याचा काही हिशेब असतो का? आणि ती ठेवायची कुठे? मला नाही म्हणायचं असेल तर आकडा हवाय. भाषण करायला आमचे अध्यक्ष आहेत.

---

ओव्हरटाइम | १४ सप्टेंबर

वाटून टाका आणि मोकळे व्हा. आमच्या युनियनकडे चार लाख होते. निवडणुकीवरून दोन गट पडले, दोघांनीही बँकेला पत्रं दिली की खरे पदाधिकारी आम्हीच. बँकेनं खातंच गोठवलं. मग कोर्ट. पैसे अजून तिथेच आहेत, आम्ही नाही. वाटले असते तर निदान घरात मिक्सर तरी आला असता.

तसंही छोट्या युनियनच्या पैशांनी कधी संप चालला आहे का?

---

बेलापूर रोड (निवृत्त) | १५ सप्टेंबर

खजिनदारसाहेब, अक्षर बरं असणं ही मोठी पात्रता आहे, हसण्यावारी नेऊ नका. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होतो आणि युनियनची किर्द बरीच वर्षं माझ्याकडे होती. आकडा मागितलात, देतो.

ओव्हरटाइम यांचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात. तुमच्या १३८ जणांचा पगार सरासरी २८,००० धरा. एका महिन्याचे ३८,६४,००० झाले. तुमच्या सव्वासात लाखांत सगळ्यांना जेमतेम साडेपाच दिवस पोसता येईल. म्हणजे ही गंगाजळी संपासाठी नाहीच. संपासाठी म्हणून राखायला गेलात तर ती कायम हास्यास्पदच वाटणार, आणि मग "कुजतायत तर वाटा" हे ओघानंच येतं.

पण छोट्या कारखान्यातला मालक १३८ जणांशी लढतच नाही. तो पाच जण वेचतो. कमिटीतला जो बोलतो तो, जो मागण्यांचा मसुदा लिहितो तो, ज्याच्या शब्दावर शिफ्ट थांबते तो. आधी चार्जशीट, मग निलंबन, मग खातेनिहाय चौकशी, मग बडतर्फी. निलंबनात पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, म्हणजे तुमच्याकडे १४,०००. बडतर्फीनंतर शून्य. बाकीचे १३३ रोज कामावर जाताना त्या पाचांकडे बघत असतात. त्यांच्या घरी काय चाललंय यावर पुढचा करार ठरतो. त्या पाचांपैकी एकानं जरी बायकोचे दागिने मोडून शेवटी हिशेब घेऊन राजीनामा दिला, तर पुढच्या कमिटीला उमेदवार मिळत नाहीत. हे मी बघितलेलं आहे.

तेव्हा हिशेब असा करा. पाच माणसं, महिना १०,०००, बारा महिने: ६,००,०००. युनियनचा वर्षाचा चालू खर्च, वकिलासकट: १,१०,०००. एकूण ७,१०,०००. तुमच्याकडे बँकेत आहेत ७,२५,०००. जास्तीचे निघाले १५,०००. त्यांचे दिवाळीला पेढे वाटा.

आणि हे फक्त एका वर्षाचं झालं. लेबर कोर्टात बडतर्फीची केस वर्षात निकाली निघाली तर वकिलालाही आश्चर्य वाटतं.

जनरल बॉडीत "संघटनेची ताकद" वगैरे काही बोलू नका. चार्जशीट मिळालेल्या दोघांना पुढे बसवा आणि सभेला विचारा की नोव्हेंबरमध्ये हे घरी बसले तर त्यांना काय द्यायचं.

एक मात्र पक्कं करा. पैसे ठेवायचे ठरले तर त्यांचा नियम त्याच सभेत लिहून घ्या. मदत कुणाला (युनियनच्या कामामुळे निलंबित किंवा बडतर्फ झालेल्याला, दारू पिऊन आला म्हणून गेलेल्याला नाही), किती, कोणत्या तारखेपासून, किती महिने, आणि ठरवणार कोण. आमच्याकडे आणखी एक कलम होतं: केस जिंकून मागचा पगार मिळाला तर युनियनकडून घेतलेली रक्कम परत करायची. तसं आधी लिहून द्यायचं. लोक करायचे परत. एकानं कटकट केली, पण केली परत. या एका कलमामुळे त्याच पैशांवर आम्ही दोन पिढ्यांची माणसं सांभाळली.

नियम न लिहिता ठेवलेली गंगाजळी म्हणजे अध्यक्षाच्या मर्जीतल्या माणसाला मिळणारी उसनवारी. त्यापेक्षा मिक्सर परवडला.

---

ताळेबंद | १५ सप्टेंबर

मी काही युनियन आणि सोसायट्यांचं ऑडिट करते. वरच्या हिशेबात कायद्याचं थोडं घालते.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम १५ मध्ये सर्वसाधारण निधी कशाकशावर खर्च करता येतो त्याची यादी आहे. प्रशासन, ऑडिट, कोर्टाचा खर्च, औद्योगिक विवाद चालवणं, विवादामुळे सभासदाचं झालेलं नुकसान भरून देणं, मृत्यू-आजारपण-अपघात-बेकारीत मदत. निलंबितांना मदत त्यात अगदी सरळ बसते. डोक्यामागे ३,००० रोख वाटणं यादीत नाही. सभासदांच्या शैक्षणिक, सामाजिक, धार्मिक लाभांचं एक पोटकलम आहे, त्यात ताणून बसवणारे आहेत. माझ्यापुढे असा ताळेबंद आला तर मी शेरा मारते. (सत्यनारायणाच्या पूजेवर मात्र कुणी शेरा मारल्याचं ऐकलं नाही.)

महापालिका-विधानसभेच्या वेळी कुणी "युनियनतर्फे काहीतरी" मागायला आलं तर त्याला या खात्यातून काही देता येत नाही. कलम १६ प्रमाणे राजकीय कामासाठी निधी वेगळा काढावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही.

प्राप्तिकर: नोंदणीकृत युनियनला कलम १०(२४) खाली एफडीच्या व्याजावर करमाफी आहे. तरीही वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं की बँक टीडीएस कापते, मग परताव्यासाठी रिटर्न भरत बसा. तुमचं व्याज सात टक्क्यांनी ४४,८०० होतं, म्हणजे सध्या आत आहात. युनियनच्या नावानं पॅन काढलेला आहे ना? पॅन नसेल तर कापायची वेळ आल्यावर दर दहाऐवजी वीस टक्के लागतो. काही ठिकाणी खजिनदाराच्याच पॅनवर एफडी असते. तसं असेल तर आजच बदला.

आता बँक, ही खरी काळजीची गोष्ट. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत असतो, मुद्दल आणि व्याज धरून, एफडी आणि बचत खातं एकत्र मोजून. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची, त्याआधी एकच लाख होती. तुमचे ७,२५,००० एकाच बँकेत आहेत, म्हणजे सव्वादोन लाख उघड्यावर. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० काढता येत होते. याच वर्षी १३ फेब्रुवारीला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हवर निर्बंध आले, पहिले काही दिवस काहीच काढता येत नव्हतं. तुमची बँक वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचा पैसा नेमक्या एका महिन्यात लागणार आहे, आणि तो त्या महिन्यात मिळाला पाहिजे.

जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवायचा मोह होईल. तिथे हा विमाच नाही.

---

घंटागाडी | १६ सप्टेंबर

दादा, तुमच्याकडे सात लाख आहेत आणि कंपनी कापून देते हे वाचून हेवा वाटला, खरं सांगते.

आम्ही पुण्यात कंत्राटी सफाई कामगार, बहुतेक बायका. कंत्राटदार बदलला की वर्गणी कापून देणारं कुणी उरत नाही. म्हणून महिना २० रुपये, पगाराच्या दिवशी कोठीवर (आमची हजेरीची जागा), हातात पावती. मी पिशवी घेऊन बसते. पगार उशिरा झाला की वर्गणीही उशिरा. कंत्राटदारानं तीन महिने पगार थकवला तेव्हा शून्य जमा. आणि नेमकं तेव्हाच मोर्चाचा खर्च, कामगार आयुक्तांकडे चकरा, टेम्पोचं भाडं.

आमची शिल्लक कधी चाळीस हजारांवर गेली नाही. तरी आम्ही एक नियम केलाय: दहा हजारांच्या खाली जाऊ द्यायची नाही. तेवढे असले की वकिलीणबाई अर्ज तरी दाखल करतात, बाकी नंतर बघू म्हणतात. वरचं लागेल ते त्या-त्या वेळी उभं करतो. मागच्या खेपेला बचत गटानं युनियनला उसने दिले होते.

एक सांगते. आमच्याकडे वही कोठीवरच असते, कुणीही उघडून बघते. अंगठा लावणाऱ्या मावश्याही दुसरीकडून वाचून घेतात. त्यामुळे "पैसे वाटा" असं कुणी म्हणत नाही, कारण किती आहेत आणि मागच्या वेळी कशाला गेले हे पाठ असतं. तुमच्या पोरांना एफडीचा आकडा कळलाय, पण वकिलाला काय दिलं ते माहीत आहे का? तेही कँटीनमध्ये लावा.

---

ताळेबंद | १६ सप्टेंबर

घंटागाडीताई, तो तर सभासदाचा हक्कच आहे. कलम २०: हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी तपासायचा अधिकार कुठल्याही सभासदाला आहे, युनियनच्या नियमांत ठरलेल्या वेळी. बहुतेक युनियनच्या घटनेत ती वेळ लिहिलेली असते आणि बहुतेक खजिनदारांना ती माहीत नसते.

---

मिशिगनकर | १७ सप्टेंबर

मी मूळचा पिंपरीचा, इकडे मिशिगनमध्ये ऑटो प्लांटला आहे. तुलना करायला म्हणून लिहितो, अनुकरण करा असं नाही.

आमची वर्गणी महिन्याला अडीच तासांचा पगार. त्यातला काही भाग आमच्या लोकलकडे, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेकडे राहतो, बाकी वर जातो. संपाचा निधी लोकलकडे नसतोच, तो मध्यवर्ती युनियनकडे. २०२३ च्या संपाच्या वेळी त्यात सुमारे ८२.५ कोटी डॉलर होते आणि संपावरच्या माणसाला आठवड्याला ५०० डॉलर मिळत. एवढा पैसा असूनही १५ सप्टेंबरला सगळ्यांना बाहेर काढलं नाही. सुरुवात तीन प्लांटपासून, साधारण १३,००० माणसं, आणि मग एकेक वाढवत नेले. कारण दीड लाखाच्या आसपास लोक एकदम बाहेर आले असते तर तोही निधी काही आठवड्यांचाच होता.

लोकलचा पैसा हॉल, तक्रारींच्या केसेस, पदाधिकाऱ्यांचा बुडालेला पगार यावर जातो. दरवर्षी श्रम खात्याकडे जमाखर्च भरावा लागतो आणि तो इंटरनेटवर कुणालाही दिसतो. कोणत्या पदाधिकाऱ्याला किती दिले तेसुद्धा. माझ्या शेजाऱ्यानं तो काढून आमच्या अध्यक्षांचा प्रवासखर्च मला वाचून दाखवला होता.

---

बेलापूर रोड (निवृत्त) | १७ सप्टेंबर

पिंपरीकरांनी बरं लिहिलं. आपल्याकडे वर पाठवलेल्या वर्गणीतून संकटात काही परत येईल अशी सोय सहसा नसते. महासंघ वक्ता देतो, वकील देतो, फार तर दुसऱ्या युनियनकडून देणगी गोळा करून देतो. तेही कमी नाही, पण निधी ज्याचा त्यानं उभा करायचा.

पूर्वीपासून हे असंच चालत आलंय. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा काढली. तिच्याकडे ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम, अशी नोंद त्या काळच्या सरकारी अहवालात आहे. नोंद करणाऱ्यानं ती कमीपणा म्हणून केली. तरी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली ती त्याच सभेनं. म्हणून निधी नाही तर युनियन नाही, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण १९८२ ही आठवतं. १८ जानेवारीला अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. माझे थोरले काका त्यात होते. महिन्याला ठरलेले पैसे हातात देणारं कुणी नव्हतं. लोक गावाकडच्या शेतीवर, भावाच्या चुलीवर, सावकाराच्या व्याजावर तगले. ज्यांचं गाव होतं ते जास्त तगले. तुमच्या सातपूरच्या पोरांपैकी किती जणांना आज तसं गाव आहे? बहुतेकांचा फ्लॅटचा हप्ता चालू असेल. आजच्या कामगाराला टिकून राहायचे दिवस कमी मिळतात, म्हणून मी बारा महिन्यांच्या दहा हजारांबद्दल एवढा हट्ट धरतोय.

ओव्हरटाइम यांच्या गोठलेल्या खात्याचं सांगतो. त्यावर पूर्ण इलाज नाही, दोन गट पडले की बँक कुणाचंच ऐकत नाही. पण निवडणूक झाली की त्याच आठवड्यात नव्या पदाधिकाऱ्यांची यादी निबंधकांकडे पाठवून पोच घ्यायची आणि बँकेत सह्यांचा बदल करून घ्यायचा. हे वर्षभर लोंबकळत ठेवणाऱ्यांचीच खाती आधी गोठतात. सह्या तिघांच्या ठेवा, कुठल्याही दोघांची चालेल अशा. आणि तिघेही एकाच गटाचे किंवा एकाच शिफ्टचे नकोत.

बडतर्फ झालेला माणूस पदावर राहू शकतो की नाही हे तुमच्या घटनेत काय लिहिलंय त्यावर आहे. ते आधी वाचा. बडतर्फ झाला की सभासदत्व संपतं असं असेल, तर सही करणाऱ्या दोघांना कंपनीनं काढलं की तुमच्या चेकवर सही करणारंच कुणी उरणार नाही.

आणि एक सावधगिरी. बेकायदेशीर संपाला थेट पैसे पुरवणं औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ नं मना आहे. नोटीस न देता तडकाफडकी काम बंद पाडायचं आणि मग निधीतून पैसे वाटायचे, असं चालणार नाही. तसल्या बंदात नोटीस नाही म्हणून आठ दिवसांपर्यंतचा पगार कंपनी कापू शकते, तो वेगळाच. म्हणून निधीच्या नियमात "संप" हा शब्दच घालू नका.

---

ओव्हरटाइम | १७ सप्टेंबर

बाबा, तुमचं म्हणणं पटतं. पण आमच्याकडे नियम होता, यादीही पाठवली होती. माणसं फुटली की कागद काय करणार?

---

बेलापूर रोड (निवृत्त) | १७ सप्टेंबर

काही नाही करणार. खरं आहे.

---

सातपूरचा खजिनदार | ७ डिसेंबर २०२५

उशिरा लिहितोय, त्याबद्दल रागावू नका. मधे बरंच घडलं.

सभेच्या आधी आठवडाभर कँटीनच्या बोर्डवर मागच्या तीन वर्षांचा जमाखर्च लावला, वकिलाच्या फीसकट. ताईंची सूचना कामी आली. सगळ्यात जास्त चर्चा वकिलावर होईल असं वाटलं होतं. झाली निरोप समारंभाच्या शाल-श्रीफळावर. माणसामागे एवढे कसे लागतात यावर अर्धा तास गेला.

सभेत ३,००० चा ठराव आला. मी बेलापूर बाबांचा पाच माणसांचा हिशेब फळ्यावर लिहिला. चार्जशीटवाल्या दोघांना पुढे बसवायची गरजच पडली नाही, त्यातला एक स्वतः उठला आणि म्हणाला, "वाटायचे असतील तर वाटा, पण मग जानेवारीत मागण्यांच्या मसुद्यावर सही मी करणार नाही." पंधरा-वीस जण तरीही वाटा म्हणणारे होते. ठराव पडला. मिनिट बुकात दोन्ही बाजूंचं लिहून घेतलं. पेढे वाटले.

मदतीचा नियम मंजूर झाला: महिना १०,०००, जास्तीत जास्त अठरा महिने, ठरवणार कमिटी अधिक कमिटीबाहेरचे दोन सभासद, मागचा पगार मिळाला तर परत. वर्गणी जानेवारीपासून १५० करायचं ठरलं.

एफडी मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजात थोडी कात्री लागली. आता राष्ट्रीयीकृत बँकेत चार पावत्या आहेत, वेगवेगळ्या महिन्यांत पिकणाऱ्या, आणि जुन्या बँकेत बचत खात्यासह दोन लाखांच्या आत ठेवलेत. पॅन युनियनच्याच नावाचा निघाला, आधीच्या खजिनदारांनी तेही नीट केलं होतं.

नोव्हेंबरमध्ये त्या दोघांपैकी एकाला निलंबित केलं. तोच, जो सभेत उठला होता. पहिला चेक गेला.

आता दोन प्रश्न. एक, २१ नोव्हेंबरपासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, १९२६ चा कायदा गेला. आमच्या नियमांचं काय? दोन, एचआर म्हणतात वर्गणी १०० ची १५० करायची तर प्रत्येकाची नवी लेखी संमती आणा. ११९ जणांनी सही दिलीय. उरलेले १९ आज-उद्या करतायत. त्यात वाटा म्हणणारे बरेच आहेत.

---

ताळेबंद | ८ डिसेंबर २०२५

संहितेत जुन्या नोंदणीकृत युनियनची नोंदणी चालू राहते. पण तुमची घटना संहितेशी जुळते असं निवेदन निबंधकांकडे द्यावं लागतं. सर्वसाधारण निधी कशावर खर्च करायचा ते संहितेत सरकारी नियमांवर सोपवलंय, तेव्हा घटना दुरुस्त करताना ते नियम शेजारी ठेवून बसा. बेकायदेशीर संपाला पैसे देण्याची मनाई संहितेतही आहे, दंड १०,००० ते ५०,००० आणि महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या मदतीच्या नियमात "संप" शब्द नाही हे बरंच झालं.

---

बेलापूर रोड (निवृत्त) | ८ डिसेंबर २०२५

संपाला १४ दिवसांच्या नोटिशीची अट संहितेत सगळ्यांना आहे म्हणून बोंब चाललीय. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानं ती आपल्याला आधीपासूनच होती, त्यामुळे तिच्यावर झोप घालवू नका.

एचआरचं म्हणणं बरोबर आहे. लेखी संमतीशिवाय वाढीव रक्कम पगारातून कापता येत नाही. त्यावर भांडू नका. ११९ जणांची यादी या महिन्यात द्या, म्हणजे जानेवारीपासून त्यांची १५० सुरू. उरलेल्या १९ जणांची जुनी १०० चालू राहील. त्यांच्याकडून ५० रोख घ्या, पगाराच्या दिवशी गेटवर, पावती फाडून. घंटागाडीताई घेतात तसे. नाही म्हणाला तर पावती पुस्तकात त्याच्या नावापुढे रकाना रिकामा ठेवा, वाद घालू नका, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

निलंबित झालेल्याला गेटवर पावती फाडायला बसवता येईल का बघा. गेटच्या बाहेर, कंपनीच्या हद्दीत नव्हे. त्यालाही वेळ जातो, आणि त्या १९ जणांना पैसे त्याच्याच हातात द्यावे लागतील. चौकशीची तारीख लागली की इथे टाका, साक्षीदारांची तयारी कशी करायची ते लिहितो.